काळ्या कोटातले संस्थापक

आखातातल्या मुसफ्फाच्या आमच्या वर्कशॉपमध्ये कुठलंही चित्र आलं की ते आधी अंकलकडे, आमच्या सगळ्यांत जुन्या कारागिराकडे, जायचं आणि मग कागद होऊन माझ्याकडे यायचं. आमची कंपनी चित्रांना फ्रेमा करायची, लाकडी पेट्यांत भरून ती म्युझियममध्ये, हॉटेलांत, लोकांच्या व्हिलांमध्ये पोचवायची. आलेलं चित्र टॉर्चच्या उजेडात तपासून त्याच्या तब्येतीचा रिपोर्ट लिहायचा हे अंकलचं काम, आणि तो टाइप करून क्लायंटला आणि इन्शुरन्सवाल्यांना पाठवायचा हे माझं.

रिपोर्ट ते इंग्रजीत लिहीत. मराठीत सांगायचं तर तो साधारण असा असे: ‘बाई बऱ्या आहेत. उजव्या कानाजवळ एक ओरखडा, जुना. त्यांची तक्रार नाही.’ किंवा, ‘घोडे दोन, दोन्ही धडधाकट. आभाळ मळलंय.’ किंवा, ‘म्हातारे गृहस्थ. फार दमलेत. फ्रेमसुद्धा.’

पहिला रिपोर्ट मी आहे तसा पाठवला. इन्शुरन्सवाल्यांचा उलट मेल आला की ‘त्यांची तक्रार नाही’ म्हणजे नेमकं काय. मी ‘स्टेबल’ असं लिहून कळवलं. त्यानंतर मला सवय झाली. अंकलच्या प्रत्येक भावनेला इन्शुरन्सचा एक शब्द असतो. ‘सहन करतायत’ म्हणजे स्टेबल. ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणजे भेग वाढते आहे. ‘ह्यांना कोणीतरी आधी फसवलंय’ म्हणजे पूर्वी कधीतरी वाईट दुरुस्ती झालेली आहे. चार वर्षं मी हे भाषांतर केलं, आणि माझ्या नोकरीतलं तेवढंच काम दुसऱ्या कुणाला जमलं नसतं असं मला अजून वाटतं.

अंकल वसईचे. तिकडच्या रीतीप्रमाणे मला ‘बाय’ म्हणत. मी सांगलीची. पहिल्या आठवड्यात ते ‘बाय’ म्हणाले की निरोप दिला असं समजून मी वर माझ्या टेबलाकडे परत जायची. तेही काही बोलत नसत. पुढे कधीतरी त्यांनी विचारलं, “बाय, तू माझं बोलणं अर्धं टाकून का जाते?” तेव्हा उलगडा झाला की हे ‘बाय’ म्हणजे ‘पोरी’.

त्यांचे काही नियम होते. माणसाचं चित्र कधी पालथं ठेवायचं नाही. पाठीमागचं लाकूड तपासायचं असलं तरी दोघांनी उभं धरायचं आणि तिसऱ्यानं मागे जाऊन बघायचं. “माणसाला तोंडावर झोपवत नाहीत,” एवढंच कारण. निसर्गचित्र पालथं चालायचं. डोंगराला काय फरक पडतो, म्हणत. नुसते रंगाचे पट्टे असलेली मॉडर्न चित्रं आली की सुतारांना सांगत, “ह्यांचं तोंड कुठे आहे ते कळेपर्यंत उभंच ठेवा.” एकदा असं एक चित्र अकरा दिवस उभं होतं.

दुपारी डबा खाताना ते खुर्ची अशी फिरवत की भिंतीला टेकवलेल्या कुठल्याही चेहऱ्याकडे पाठ होणार नाही. जागा कमी पडायची तेव्हा हे कठीण जाई आणि त्यांना कोपऱ्यात अगदी चेपून बसावं लागे. माझ्या मुलीला मी एकदा सुट्टीत वर्कशॉपला नेलं होतं. तिनं विचारलं, “व्हाय इज ही सिटिंग लाइक दॅट?” अंकल म्हणाले, “पाहुणे आहेत, बेटा.” ती मला परतीच्या वाटेवर म्हणाली, “ही इज नॉट जोकिंग, आई.” ते मला ठाऊक होतं.

त्यांच्या वडिलांनी वसईच्या दोन चर्चमधली बाकं बनवली होती. अंकल स्वतः तिशीच्या आत इकडे आले ते इकडचेच झाले. बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मुलगा कॅनडात, दर रविवारी फोन करणारा. वसईचं घर बंद. शेजारीण आठवड्यातून एकदा खिडक्या उघडून जायची. त्यांनी साठी ओलांडली होती, आणि साठीनंतर व्हिसा दर वेळी कंपनीनं मागितला तरच पुढे चालतो. एकदा मी विचारलं, “अंकल, आता घरी जाऊन आराम का नाही करत?”

“घराकडे बघायला माणूस आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडे बघायला तिथे कोण आहे? इथे निदान तोंडं येतात-जातात.”

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी जानेवारीत युरोपातल्या एका लिलावातून एक तैलचित्र आलं. कागदांवर लिहिलं होतं: एकोणिसावं शतक, पोलिश ज्यू चित्रकार, यथार्थवादी शैली, औपचारिक पोशाखातल्या गृहस्थांचं पोर्ट्रेट. चित्र माणसाएवढं नव्हे, कमरेपर्यंतचंच, पण पुरेसं मोठं. पन्नाशीचे गृहस्थ, काळा कोट, आत काळंच जाकीट, पांढरी ताठ कॉलर. एक हात खुर्चीच्या मुठीवर, दुसऱ्या हातात हातमोजे. पाठीमागे नुसता तपकिरी अंधार. चेहरा असा, की आत्ताच कुणीतरी त्यांना काहीतरी विचारलंय आणि उत्तर देण्याआधी ते खरं काय ते आठवून बघतायत. फ्रेमच्या खालच्या पट्टीवर एक छोटी पितळी पाटी होती आणि तिच्यावर त्यांचं नाव. ते मी इथे लिहीत नाही. त्यात एका ओळीत चार व्यंजनं लागोपाठ येतात. अंकलनी ते नाव कसं म्हणतात ते फोनवर ऐकून घेतलं आणि दोन दिवस प्लायवूड कापता कापता त्याचा सराव केला.

तिसऱ्या दिवशी मला खाली बोलावणं आलं.

“बाय, बटण बघ.”

मी बघितलं. जाकिटाचं वरून तिसरं बटण जरा खाली लोंबत होतं. दोरा सैल झालेला. तो सैल दोरासुद्धा रंगवलेला होता, केसाएवढा.

“एवढा मोठा माणूस,” अंकल म्हणाले, “नवा कोट घालून चित्राला बसला. पेंटरला ते बटण नीट काढायला किती वेळ लागला असता? एक मिनिट. नाही काढलं. आणि ह्यांनी चालवून घेतलं.” थोडा वेळ ते बघत राहिले. “दोघंही चांगली माणसं.”

चित्रकार कोण ते मी फोनवर शोधून त्यांना वाचून दाखवलं. गरीब घरातला, ज्या शहरात त्याच्या लोकांना बऱ्याच दारांतून आत घेत नसत, त्याच शहरातल्या बड्या लोकांना समोर बसवून रंगवणारा. अंकलनी सगळं ऐकून घेतलं.

“मग तर ह्या पेंटरला त्यांना जरा गोड काढणं किती सोयीचं होतं,” ते म्हणाले आणि रिपोर्ट लिहायला बसले. त्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं, ‘गृहस्थ उत्तम. बटण मूळचंच सैल आहे, कोणी दुरुस्त करू नये.’ मला त्यात एक शब्दही बदलावा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी क्लायंटचा मेल आला. क्लायंट म्हणजे शारजाचे एक शेठ, शिलाईच्या मोठमोठ्या मशीन आयात करणारे. अल मजाजला लगूनसमोरच्या टॉवरमध्ये त्यांचं नवं ऑफिस होत होतं आणि चित्र तिथल्या रिसेप्शनमध्ये लागायचं होतं. मेलमध्ये सूचना होती: फ्रेमवरची जुनी पाटी काढावी आणि नवी लावावी. नव्या पाटीवरचा मजकूर, ‘अवर फाउंडर’. खाली कंपनीचं नाव.

अंकलनी मेल दोनदा वाचला.

“ह्यांचे फाउंडर पोलंडचे?”

“नाही, अंकल. डेकोरेटरनं सुचवलंय. रिसेप्शनला भारदस्त दिसावं म्हणून.”

“मग ह्यांच्या फाउंडरचं काय झालं?”

ते मेलमध्ये नव्हतं.

आमचे मॅनेजर लेबनॉनचे. माणूस वाईट नव्हता, फक्त कायम उशीर झालेला असायचा. अंकल पाटी बदलणार नाहीत असं कळल्यावर ते खाली आले. मीही होते.

“हबीबी, दोन स्क्रू आहेत,” मॅनेजर इंग्रजीत म्हणाले.

“दोनच आहेत,” अंकल म्हणाले. “पण ते ह्यांच्या नावातून जातात.”

“ते मेलेत. शंभर वर्षांपूर्वी.”

“म्हणून तर. जिवंत असते तर स्वतः बोलले असते.”

मॅनेजरनी माझ्याकडे पाहिलं. ह्याला इन्शुरन्सचा शब्द माझ्याकडे नव्हता. मग त्यांनी आवाज न चढवता सांगितलं की अंकलच्या व्हिसाचं रिन्यूअल त्यांच्या टेबलावर आहे, पुढच्या महिन्याची तारीख आहे, आणि साठीपुढच्या माणसासाठी सही करायची की नाही हा त्यांचा प्रश्न आहे. “पाटी लाव. यल्ला. खलास.”

ते वर गेले. अंकल बराच वेळ कामाच्या टेबलावरचा भुसा हातानं गोळा करत होते. मी म्हटलं, “अंकल, लावून टाका ना. कुणाला कळणार आहे?”

“मला नाव पाठ झालंय, बाय,” ते म्हणाले.

त्या दुपारी त्यांनी नवी पाटी बनवली. पितळ घासून लख्ख केलं, अक्षरं कोरून आणली, फडक्यात गुंडाळून खिशात घातली आणि मॅनेजरना सांगितलं, “पाटी मी तिकडे जाऊनच लावीन, वाटेत हलते.” मॅनेजरना हायसं वाटलं. सह्यांचे कागद घेऊन मला बरोबर पाठवलं.

निघायच्या दिवशी अंकल चर्चला घालायचा शर्ट घालून आले. व्हॅननं दुबई मागे टाकली. मग म्हणाले, “तिथे मी काही बोललो तर तू ते नीट करायला जाऊ नको. आहे तसं जाऊ दे.”

रिसेप्शनमध्ये अजून रंगाचा वास होता. एक भिंत चित्रासाठी मोकळी ठेवलेली, वर दोन दिवे. आमच्या माणसांनी पेटी उघडून चित्र भिंतीशी उभं केलं. शेठ केबिनमधून आले. पंचावन्नच्या आसपासचे, मऊ बोलणारे. चित्र बघून खूश झाले.

“क्या पर्सनॅलिटी है,” ते म्हणाले. “और वो प्लेट?”

अंकलनी खिशातून फडकं काढलं, उलगडलं, पाटी त्यांच्या हातात दिली.

“प्लेट आपके हाथ में है, सर. आप बोलेंगे तो लगा दूँगा. पहले एक बात पूछनी है. आपके फाउंडर कौन थे?”

मी कागदांकडे बघत राहिले. शेठनी आम्हाला केबिनमध्ये बसवलं, चहा मागवला आणि मग सांगितलं. त्यांचे वडील शारजाच्या जुन्या बाजारात शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे एका टेलरच्या दारातली जागा. पुढे त्यातून हे सगळं उभं राहिलं, पण वडील ते बघायला राहिले नाहीत.

“तो उनकी तस्वीर लगाइए,” अंकल म्हणाले.

“तस्वीर है ही नहीं. एक पासपोर्ट साइज है बस.”

ती त्यांच्या पाकिटात होती. त्यांनी ती अशी काढली की नेहमी काढतात हे कळत होतं. अंकलनी ती हातात घेतली नाही. टेबलावर ठेवायला सांगितली, चष्मा बदलला, टॉर्च लावली आणि खाली वाकून बघू लागले. चित्र बघतात तसंच, तेवढाच वेळ. कुठल्याशा जुन्या कार्डावरून सोडवलेला फोटो होता. डाव्या खांद्यावर शिक्क्याची जांभळी शाई. सडपातळ तरुण माणूस, घाबरलेला, आणि अंगात दोन माप मोठा कोट.

“कोट किसका है?” अंकलनी विचारलं.

शेठ हसले. “स्टुडिओ का. उस टाइम सब वही पहन के खिंचवाते थे.”

अंकलनी टॉर्च बंद केली. “इनको एक बार कोट उधार का पहनाया,” ते म्हणाले. “अब मुँह भी उधार का देंगे?”

मला वाटलं, झालं. रिन्यूअल गेलं, आणि बहुधा माझी नोकरीही. शेठनी फोटो उचलून पाकिटात ठेवला. खिडकीतून लगूनच्या पाण्याकडे बघत होते.

“पापा दो साल में एक बार घर आते थे,” ते म्हणाले. “एक महीना. मैंने टोटल गिना है, पूरी जिंदगी में मैंने उनको नौ महीने देखा. लोग पूछते हैं फाउंडर कैसे थे. मैं क्या बोलूँ?”

“मालूम नहीं है, ये बोलिए,” अंकल म्हणाले. “वो भी सच है.”

शेठनी चित्र सध्या खालीच ठेवा म्हणून सांगितलं. पाटी त्यांच्या टेबलावरच राहिली. त्यांनी माझ्या कागदांवर सह्या केल्या आणि आम्हाला लिफ्टपर्यंत पोचवायला आले, ही गोष्ट मला तेव्हा नीट समजली नाही.

परतल्यावर मॅनेजरनी सगळं ऐकलं. ओरडले नाहीत. रिन्यूअलची फाइल त्यांनी सही न करता टेबलाच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात ठेवली. अंकलनी दुसऱ्या दिवसापासून स्वतःसाठी एक पेटी बनवायला घेतली. हत्यारांसाठी, आत फोमचे कप्पे, प्रत्येक पटाशीच्या आकाराचे. जेवणाच्या सुट्टीत बनवत, कंपनीच्या वेळेत नाही. वसईला शेजारणीला फोन करून पाण्याची टाकी धुवून घ्यायला सांगितलं. मला म्हणाले, “घाई नको म्हटलंय तिला.” रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा ह्यातलं काही सांगितलं नाही, एवढं मला नंतर कळलं.

नवव्या दिवशी शेठचा ड्रायव्हर एक पाकीट घेऊन आला. आत तो फोटो होता आणि चिठ्ठी, की ह्याला फ्रेम करून द्या, त्या भिंतीला शोभेल अशी.

मॅनेजरनी लगेच मोठा करून छापायचं ठरवलं. अंकल म्हणाले, “मोठा केला की माणूस जाणार आणि शिक्का राहणार.” त्यांनी फोटो आहे तेवढाच ठेवला. भोवती हात-दीड हात रुंद, दुधी रंगाच्या जाड पुठ्ठ्याचं माउंट, मध्ये आगपेटीएवढी खिडकी आणि बाहेरून अक्रोडाच्या लाकडाची फ्रेम, मापानं बरोब्बर त्या पोलिश गृहस्थांच्या फ्रेमएवढी. कोपऱ्यांचे सांधे त्यांनी तीनदा सोडून पुन्हा जोडले. मॅनेजरनी शेठना मोबाइलवर त्या फ्रेमचा फोटो पाठवला, खाली माफीसारखं काहीतरी लिहून. शेठचं उत्तर आलं, “यही चाहिए.” मग मॅनेजर माझ्याकडे वळून म्हणाले, “शेठना असं हवंय हे माहीत होतं तर मला आधी का नाही सांगितलं?” कुणालाच माहीत नव्हतं.

तो फोटो रिसेप्शनमध्ये लागला. खाली पाटी, वडिलांचं नाव आणि ‘शिलाई मशीन दुरुस्त करणारे’. पोलिश गृहस्थांना शेठनी आपल्या केबिनमध्ये लावलं, त्यांच्या मूळ पाटीसकट. शेठना ते नाव उच्चारता यावं म्हणून अंकलनी त्यांना व्हॉइस मेसेज करून पाठवला. तो मी ऐकलाय. तीनदा, सावकाश, मध्ये श्वास घेऊन.

मॅनेजरनी रिन्यूअलवर सही केली. एका वर्षाची. ते वर्ष अंकलनी पूर्ण केलं, आणि पुढचं कुणी विचारायच्या आत स्वतःच सांगितलं की आता जातो. कारण मी विचारलं नाही. जाण्याच्या दिवशी वर्कशॉपमध्ये भिंतीला टेकून एक बाई आणि दोन सरदार उभे होते. अंकलनी सगळ्यांचे रिपोर्ट आदल्या दिवशीच संपवले होते. माझ्या डोक्यावर हात ठेवला, “बाय,” म्हणाले, आणि ह्या वेळी ते दोन्ही अर्थांनी होतं की एकाच, हे मला ठरवता आलं नाही.

गेल्या महिन्यात मी दुसऱ्या एका कामासाठी शेठच्या ऑफिसला गेले होते. रिसेप्शनमध्ये एक वयस्कर पठाण टेलर बसले होते, दुकानासाठी मशीन बघायला आलेले, मुलगा बरोबर. मुलगा माहितीपत्रकं चाळत होता. म्हातारबुवा उठले, भिंतीजवळ गेले, एवढ्या मोठ्या फ्रेममध्ये आहे तरी काय म्हणून अगदी नाक लावून बघू लागले. बराच वेळ. मग त्यांनी काचेवर बोट ठेवलं.

“ये तो तोतला है,” ते म्हणाले. “मेरे दरवाजे में बैठता था.”

रिसेप्शनिस्ट मुलगी गोंधळली. तिनं आत फोन केला. शेठ बाहेर आले.

“तोतला?” शेठनी विचारलं.

“हाँ, ‘र’ नहीं बोल सकता था. गाना बहुत गाता था, सब ‘र’ के बगैर. तुम कौन?”

“बेटा.”

म्हातारबुवांनी त्यांना वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग तिथल्या सोफ्यावर बसले, बाजूची जागा हातानं झटकली आणि शेठना बसायला सांगितलं. शेठ बसले. माझी त्यांच्याशी अकराची अपॉइंटमेंट होती. ती पाऊण वाजता झाली, तोपर्यंत मी म्हातारबुवांच्या मुलाबरोबर खजूर खात होते. मध्ये एकदा शेठचं हसू ऐकू आलं. म्हातारबुवा कुठलंसं गाणं ‘र’ वगळून म्हणून दाखवत होते.

संध्याकाळी मी वसईला फोन लावला आणि अंकलना सगळं सांगितलं, सुरुवातीपासून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. संपल्यावर विचारलं, “फ्रेमचे सांधे कसे आहेत? ह्या दिवसांत हवेत पाणी असतं तिथे.”

“घट्ट आहेत.”

“आणि त्यानं काचेवर बोट ठेवलं म्हणाली तू.”

“हो. ठसा उमटलाय. बरोब्बर फोटोच्या बाजूला.”

“पुढच्या वेळी जाशील तेव्हा मऊ फडक्यानं पुसून घे, बाय,” ते म्हणाले. मागे कुणीतरी खिडक्या लावत असल्यासारखा आवाज येत होता.

“नको,” ते म्हणाले. “राहू दे.”